वस्तूंची राखण

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा एक मोठा संग्रह आहे. सुपारी कातरण्याचे हे साधे घरगुती साधन. परंतु तेथील एकेका अडकित्त्याकडे पाहत राहावे, असे त्याचे रूप आहे. कोणाला पक्ष्याचा आकार दिलेला आहे, कोणाला घोड्याचा, तर कोणाला माणसांच्या जोडीचा. त्याच संग्रहात दिवे आहेत, दौती आहेत, वाद्ये आहेत, कोरीव दारे आहेत. राजांच्या खजिन्यातील रत्नमाणकांसाठी हे संग्रहालय प्रसिद्ध नाही. आपल्या पणज्यांच्या आणि खापरपणज्यांच्या हातांत रोज वावरलेल्या, आणि एरवी केव्हाच मोडीत गेल्या असत्या, अशा वस्तूंसाठी ते प्रसिद्ध आहे.

त्या मोडीत गेल्या नाहीत, याचे श्रेय दिनकर गंगाधर केळकर या एका माणसाकडे जाते. १८९६ साली जन्मलेले केळकर 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहीत असत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा छंद लागला, तो जन्मभर सुटला नाही. गावोगाव हिंडावे, जुन्या घरांत चौकशी करावी, पदरमोड करून वस्तू विकत घ्यावी आणि ती जिवापाड जपावी, हा त्यांचा नेम झाला. त्यांचा मुलगा राजा लहान वयातच वारला. संग्रहाला त्यांनी त्याचे नाव दिले. अशा रीतीने सुमारे २०,००० वस्तू एकत्र आल्या. पुढे हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० साली केळकर निवर्तले. त्यांचे संग्रहालय मात्र आजही लोकांसाठी खुले आहे.

मुलांनो, येथे विचार करण्यासारखा एक प्रश्न उभा राहतो. वस्तू गोळा करणाऱ्या माणसाला प्रत्येक वस्तूची हकीकत तोंडपाठ असते. ही कोणत्या गावची, कोणाच्या घरातली, कशासाठी वापरीत, कोणत्या कारागिराने घडविली, हे सारे तो सांगू शकतो. पण तो माणूस गेल्यावर काय? दोन अडकित्ते शेजारी ठेवले आहेत असे समजा. दोन्ही सारखेच जुने, सारखेच सुबक. एकाबरोबर त्याचे गाव, त्याचा काळ आणि त्याचा उपयोग सांगणारी नोंद आहे. दुसऱ्याबरोबर काहीही नाही. पहिला अडकित्ता आपल्याशी बोलतो. दुसरा मुका आहे. तो सुंदर असेल, पण तो आपल्याला काही सांगू शकत नाही. वस्तू आणि तिची हकीकत यांची ताटातूट होऊ न देणे, हेच संग्रहालयाचे खरे काम होय. हे काम नुसत्या हौसेने होत नाही. त्यासाठी शिकलेले हात लागतात, आणि ते शिक्षण देणारे एक स्वतंत्र शास्त्रही आहे. त्याला संग्रहालयशास्त्र म्हणतात.

संग्रहालय ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात विद्वानांसाठी एक विद्यामंदिर होते. ग्रीक लोकांच्या विद्यादेवतांवरून त्याला 'मूसेइऑन' म्हणत. त्यावरूनच पुढे 'म्यूझियम' हा शब्द आला. आपल्या देशात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८१४ साली संग्रहालय स्थापन केले; तेच आजचे इंडियन म्यूझियम. मुंबईत भायखळ्याच्या उद्यानातील संग्रहालय १८७२ साली सध्याच्या इमारतीत सुरू झाले. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. घुमटाच्या भव्य वास्तूतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांना खुले झाले. पूर्वी अशा ठिकाणांना लोक 'अजबखाना' म्हणत. अजब वस्तू पाहाव्यात, आश्चर्य करावे आणि घरी जावे, एवढाच त्या नावाचा अर्थ. परंतु अजबखान्याच्या भिंतीआड किती माणसे आणि किती विद्या राबत असतात, याची कल्पना पाहुण्यांना क्वचितच असते.

ती कल्पना यावी म्हणून एका वस्तूच्या मागोमाग आपण संग्रहालयात जाऊ. समजा, एका आजीबाईंनी आपल्या आईची पैठणी संग्रहालयाला द्यायचे ठरविले. पैठणी हाती आली की प्रथम आजीबाईंना रीतसर पावती मिळते आणि वस्तू देत असल्याचा लेख त्यांच्याकडून सहीनिशी घेतला जातो. नंतर त्यांना प्रश्न विचारले जातात. ही कोणत्या लग्नात घेतली? कोठे विणली? शेवटची कोणी नेसली? काठाला ठिगळ आहे, ते कोणी लावले? आजीबाईंची उत्तरे शब्दशः उतरून घेतात. मग पैठणीची लांबी-रुंदी मोजतात, सर्व बाजूंनी छायाचित्रे काढतात आणि कोठे डाग आहे, कोठे जर निघाली आहे, याची टिपणी करतात. पुढे कधी नवे नुकसान झाले, तर या टिपणीवरून ते तत्काळ ओळखता येते.

यानंतर पैठणीला क्रमांक मिळतो. समजा, तो २०२४.१५.३ असा आहे. याचा अर्थ, २०२४ साली संग्रहात जी भर पडली, तीतील पंधराव्या देणगीमधली ही तिसरी वस्तू. हा क्रमांक मोठ्या नोंदवहीत लिहितात. आजकाल तो संगणकातही घालतात. पण तो पैठणीवर कसा घालावा? शाईने लिहिला तर रेशीम कायमचे डागाळेल. चिकटपट्टी लावली तर तिचा गोंद रेशमात मुरेल. म्हणून सुती फितीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून तो तुकडा कोपऱ्यात अगदी हलक्या टाक्यांनी शिवतात. उद्या काढावा लागला, तर धागा कापला की काम झाले. मातीच्या भांड्यावर मात्र शिवता येत नाही. तेथे तळाशी पारदर्शक रोगणाचा एक बारीक थर देतात, त्यावर क्रमांक लिहितात आणि वरून पुन्हा थर देतात. हे रोगणही योग्य द्रवाने पुसून काढता येते. क्रमांक हरवला तर वस्तू अनाथ होते, म्हणून तो टिकला पाहिजे. आणि वस्तूला इजा होऊ नये, म्हणून तो निघालाही पाहिजे. एवढ्याशा कामात केवढे तारतम्य लागते, पाहा!

आता पैठणी ठेवायची कोठे? घडी घालून कपाटात ठेवली तर घडीच्या रेषेवर रेशीम आणि जर दोन्ही तुटू लागतात. यासाठी ती रुंद नळीवर गुंडाळतात, आणि मध्ये आम्लविरहित कागद घालतात. साधा वर्तमानपत्राचा कागद चालत नाही. तो स्वतःच काही महिन्यांत पिवळा पडतो, आणि त्यातील आम्ल शेजारच्या वस्त्रालाही बाधते. किडीचा संशय आला तर काही वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही कमी तापमानात काही दिवस ठेवतात. त्या थंडीत कीड मरते, आणि विषारी औषध वापरावे लागत नाही. कोणत्या वस्तूला हा उपाय सोसेल आणि कोणत्या वस्तूला सोसणार नाही, हे अर्थातच जाणकाराने ठरवायचे असते.

संग्रहालयातील वस्तूंचे शत्रू अनेक आहेत, आणि त्यांतील काही तर मित्रांच्या वेषात येतात. प्रकाशच घ्या. प्रकाशावाचून वस्तू दिसणार नाही. पण प्रकाशानेच रंग उडतात, कागद ठिसूळ होतो, रेशीम कुजते. उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. प्रकाश मोजण्याचे 'लक्स' नावाचे एक परिमाण आहे. दिवसा उघड्या मैदानावर ते दहा हजारांच्याही पुढे जाते. संग्रहालयात रेशमी वस्त्रावर किंवा जलरंगातील चित्रावर मात्र साधारणपणे ५० लक्सच प्रकाश पाडतात. शिवाय काही महिने प्रदर्शनात ठेवल्यावर अशा वस्तूला अंधारात विश्रांती देतात. संग्रहालयातील काही दालने अंधुक का असतात, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. दुसरा शत्रू दमट हवा. आपल्याकडील पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ च्या वर दीर्घकाळ राहिली, की कागदावर आणि कापडावर बुरशी धरते. तिसरा शत्रू कसर, वाळवी आणि झुरळे. चौथा शत्रू, सांगावयास वाईट वाटते, पण माणसाचा हात. बोटांवरील घाम आणि तेलकटपणा धातूवर डाग पाडतो. म्हणून हात लावू नये, अशी सूचना असते. ती पाहुण्यांचा अपमान करण्यासाठी लिहिलेली नसते.

आपल्या पूर्वजांना या शत्रूंची ओळख नव्हती, असे समजू नका. पोथी दोन लाकडी फळ्यांत घालून वस्त्रात घट्ट बांधून ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. त्यामुळे प्रकाश, धूळ आणि दमट हवा यांचा शिरकाव कमी होतो. जुन्या दप्तरांतील कागदही कापडी रुमालांत बांधून ठेवीत. कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि वेखंड वापरीत. आजच्या शास्त्राने या अनुभवाला प्रयोगांची जोड दिली आणि त्यातून एक मोठा नियम निघाला. तो असा, की दुरुस्ती करताना असे काही करू नये की जे पुढे उलगडता येणार नाही. फुटलेले मडके जोडणारा जाणकार असा चिकटपदार्थ निवडतो, की जो गरज पडल्यास विरघळवता येईल. मूर्तीचे तुटलेले नाक तो आपल्या कल्पनेने नव्याने बसवीत नाही. आपल्यानंतर आपल्याहून शहाणा माणूस येईल आणि त्याला आपली चूक सुधारता आली पाहिजे, ही नम्रता या विद्येच्या मुळाशी आहे.

एवढी काळजी घेऊनही संकट येतेच. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझील देशातील रिओ दी जानेरो शहरात राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. १८१८ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात सुमारे दोन कोटी नमुने आणि वस्तू होत्या. आग विझविण्यास धावलेल्या लोकांना जवळच्या नळांतून पाणी मिळेना. पाहता पाहता दोनशे वर्षांचा ठेवा बहुतांशी जळून गेला. त्यात फुलपाखरे होती, आदिवासींची पिसांची आभूषणे होती, आणि ज्या भाषा बोलणारे कोणी उरले नाही, अशा भाषांचे ध्वनिमुद्रणही होते. 'लुझिया' या नावाने ओळखली जाणारी, ११,००० वर्षांहूनही जुनी एका स्त्रीची कवटी तेथे होती; तिचे बरेच तुकडे पुढे राखेतून शोधून काढण्यात आले. या आपत्तीनंतर त्याच शहरातील संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक मार्ग काढला. ज्यांनी ज्यांनी त्या संग्रहालयात कधी छायाचित्रे काढली असतील, त्यांनी ती आपल्याकडे पाठवावीत, असे आवाहन त्यांनी लोकांना केले. थोड्याच दिवसांत हजारो छायाचित्रे आली. वस्तू परत येणार नव्हत्या. परंतु त्यांची आठवण तरी गोळा करता आली. वस्तू गेल्यावर जे उरते ते नोंदीमुळेच उरते, हे त्या विद्यार्थ्यांना त्यांच्या शिक्षणाने शिकविले होते.

हे शिक्षण कोठे मिळते? आपल्या देशात त्याची परंपरा बडोद्यापासून सांगावी लागते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले आणि पुढे बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या राजधानीत ग्रंथालये उभारली, तसेच संग्रहालयही उभारले. १८९४ पासून ते लोकांसाठी खुले आहे. चित्रांपासून इजिप्तच्या ममीपर्यंत आणि मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापर्यंत नाना वस्तू तेथे पाहावयास मिळतात. त्याच नगरीत त्यांच्या नावाने चालणाऱ्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९५९ साली कलकत्ता विद्यापीठात हा विषय आला, आणि १९८९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी संलग्न अशी एक संस्था याच कामासाठी स्थापन झाली. लखनौ येथे १९७६ पासून जुन्या वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. आपल्याकडे हा विषय बहुधा पदवी घेतल्यानंतर शिकतात. आधी इतिहास, पुरातत्त्व, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, चित्रकला अशा एखाद्या विषयाचा पाया घालायचा आणि त्यावर संग्रहालयशास्त्राची इमारत चढवायची, अशी ही रीत आहे.

अमेरिकेत याहून निराळी एक वाट आहे. तेथे शालेय शिक्षणानंतर दोन वर्षे शिकविणारी लहान महाविद्यालये गावोगावी आहेत. त्यांना 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी १९०१ साली सरकारी खर्चाने असे पहिले महाविद्यालय निघाले. येथील शुल्क मोठ्या विद्यापीठांच्या मानाने बेताचे असते, प्रवेशासाठी फारशी चुरस नसते, आणि दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणारे विद्यार्थीही पुष्कळ असतात. दोन वर्षे झाली की कोणी कामाला लागतो, तर कोणी विद्यापीठात जाऊन उरलेली वर्षे पुरी करतो. अशा दोन वर्षांच्या शिक्षणक्रमात काही ठिकाणी संग्रहालयाचे कामही शिकवितात. पुस्तकी अभ्यास थोडा आणि हातांचा अभ्यास फार, हा त्याचा विशेष. भांडे उचलताना कानाला न धरता तळाखाली हात घालून उचलावे, लेबल कोणत्या उंचीवर लावावे, पेटीत वस्तू कशी बसवावी, नोंद कशी करावी, हे तेथे प्रत्यक्ष करून शिकावे लागते.

न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे या शहरात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी कलाशिक्षण देणारी एक संस्था १९६२ साली स्थापन झाली. तिचे नाव 'इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन इंडियन आर्ट्स'. १९७५ साली तिला दोन वर्षांच्या महाविद्यालयाचे रूप आले. आज तेथे चार वर्षांची पदवीही मिळते. १९७० च्या दशकापासून येथे संग्रहालयाचे काम शिकविले जाऊ लागले. संस्थेचा स्वतःचा हजारो कलाकृतींचा संग्रह आहे. तोच विद्यार्थ्यांची शाळा झाला. या शिक्षणाला तेथे एक विशेष अर्थ होता. मूळ रहिवाशांच्या असंख्य वस्तू, कित्येकदा त्यांच्या पूर्वजांच्या अस्थीसुद्धा, दूरदूरच्या संग्रहालयांत जाऊन पडल्या होत्या. त्यांच्यावरील लेबले परक्यांनी लिहिली होती. ज्यांच्या त्या वस्तू, त्यांना त्यांची राखण करण्याचे आणि त्यांविषयी बोलण्याचे शिक्षण मिळावे, ही साधी पण फार मोठी गोष्ट होती.

त्याच राज्यात झुनी नावाचे लोक राहतात. त्यांच्या धर्मात आहायूदा नावाचे दोन जुळे देव आहेत. दरवर्षी हिवाळ्यात त्यांच्या लाकडी मूर्ती कोरून उघड्या आकाशाखालच्या देवस्थानात ठेवतात. ऊन, वारा आणि पाऊस खात त्या हळूहळू झिजाव्यात आणि मातीस मिळाव्यात, तोवर त्यांनी लोकांचे रक्षण करावे, अशी झुनींची श्रद्धा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बाहेरच्या लोकांनी यांतील अनेक मूर्ती उचलून नेल्या आणि त्या संग्रहालयांत काचेच्या पेट्यांत जाऊन बसल्या. १९७८ साली झुनींच्या पुढाऱ्यांनी डेन्व्हरच्या कलासंग्रहालयाकडे आपली मूर्ती परत मागितली. संग्रहालयापुढे मोठा पेच पडला. वस्तू टिकविणे हा आपला धर्म. ती परत दिली तर ती मुद्दाम झिजू दिली जाणार! झुनींचे म्हणणे असे, की ही मूर्ती साऱ्या लोकांची आहे. ती विकण्याचा किंवा देण्याचा अधिकार कोणा एकाला नव्हताच. शेवटी त्यांचे म्हणणे पटले आणि १९८० साली डेन्व्हरने आपल्याकडील आहायूदा परत केले. इतर संग्रहालयांनीही पुढे तेच केले. १९९० साली अमेरिकेत कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी आपल्याकडील अशा अस्थींच्या आणि पवित्र वस्तूंच्या याद्या कराव्यात आणि त्या त्या लोकांशी विचारविनिमय करून त्या परत देण्याची व्यवस्था करावी, असे त्या कायद्याने ठरविले. वस्तू कशी टिकवावी, हे या विद्येचे अर्धे अंग. ती कोणाची आहे, हे विचारणे हे दुसरे अर्धे अंग होय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा देते. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यासाठी मात्र माणसांजवळ बसून त्यांचे ऐकावे लागते.

आता हे शिकून माणूस काय काय करू शकतो, ते पाहू. संग्रहाचा अभ्यास करणारा आणि प्रदर्शनात काय मांडावे हे ठरविणारा तो अभिरक्षक. वस्तू आल्या-गेल्याची नोंद ठेवणारा तो नोंदणी अधिकारी. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्याच्या संग्रहालयात पाहुणी म्हणून आली. अशा वेळी करार, विमा, पेटी, प्रवास आणि वस्तूच्या स्थितीची तपासणी यांची सारी जोखीम नोंदणीचे काम पाहणाऱ्यांवर असते. वस्तूंवर उपचार करणारा तो जतनतज्ज्ञ. त्याला रसायनशास्त्र आले पाहिजे आणि शिंप्यासारखा किंवा सोनारासारखा हातही हलका हवा. दालनाची आखणी करणारा रचनाकार, वस्तूसाठी नेमका बसेल असा आधार तयार करणारा कारागीर, छायाचित्रकार, ग्रंथपाल, लेबले लिहिणारा लेखक, आणि तुमच्यासारख्या मुलांना हिंडवून समजावून सांगणारा शिक्षक, ही सारी या कुटुंबातील माणसे आहेत. रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्यालाही विसरू नका. धूर पहिल्याने त्याला दिसतो, आणि गळके छप्परही पहिल्याने त्यालाच कळते.

या विद्येला संग्रहालयाबाहेरही मागणी आहे. पुराभिलेखागारात जुनी कागदपत्रे सांभाळावी लागतात. प्राणिसंग्रहालये, वनस्पती-उद्याने, विज्ञानकेंद्रे, विद्यापीठे, जुनी देवस्थाने आणि मोठे उद्योगसमूह यांच्याजवळही जपण्यासारखे पुष्कळ असते. मुंबईत रिझर्व्ह बँकेने नाण्यांचे आणि नोटांचे संग्रहालय केले आहे, तर दिल्लीत रेल्वेचे संग्रहालय आहे. तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या क्षेत्रात जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आढळते. दोन वर्षांचे शिक्षण घेतलेल्या माणसाला बहुधा सुरुवातीची, मदतनिसाची कामे मिळतात. अभिरक्षक व्हायचे तर आणखी पुष्कळ शिकावे लागते. श्रीमंत होण्याचा हा धंदा नव्हे. ज्याला एका मोडक्या दिव्यासमोर तास न् तास बसण्यात आनंद वाटतो, आणि आपले नाव लेबलावर नसले तरी ज्याचे मन खट्टू होत नाही, त्याने ही वाट धरावी.

ही वाट धरण्यासाठी मोठे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एक रंगीत कागद घ्या, त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि तो महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. पुठ्ठा उचललात की प्रकाश काय करतो, हे तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही. त्यानंतर घरातील एखादी जुनी वस्तू शोधा. पाटा-वरवंटा असेल, माप असेल, पानाचा डबा असेल, आजोबांची चंची असेल. ती घेऊन घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, की ही कोठून आली, कोणी वापरली, हिला तुम्ही काय म्हणत होता, ही शेवटची केव्हा वापरली. मिळालेली उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. वस्तूचे माप घ्या, चित्र काढा, तारीख घाला आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. पहिल्या पानावर क्रमांक एक घाला. वस्तू कदाचित आणखी शंभर वर्षे टिकेल. पण तिची हकीकत सांगणारे माणूस आज तुमच्या घरात आहे, तोवरच हे पान भरता येईल.